पायांचं लाटणं

आमच्या घरात सध्या दोन लाटणी आहेत. एक पोळ्यांचं, दुसरं पायांचं. पहिलं ओट्यावर असतं आणि दुसरं आईच्या उशाशी, तेलाच्या बाटलीशेजारी. तरी येणारा-जाणारा विचारतोच. परवा आत्या आली होती. तिने ते उचललं, मधले मणी गरागरा फिरवून बघितले आणि म्हणाली, "हे काय रे, कसल्या नवीन शेवया करता की काय?"

शेवया नाहीत. ते आईने स्वतःच्या पोटऱ्यांवर फिरवायचं साधन आहे. लोखंडाची एक सळई, लाकडाचे सहा मणी, दोन मुठी, बस्स. ताईने त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकल्यापासून मला निम्म्या नातेवाइकांचे निरोप आलेत, "माप पाठव". एकेकाला सांगत बसण्यापेक्षा इथेच लिहून टाकतो. मापं पुढे दिली आहेत. ज्यांना घाई आहे त्यांनी सरळ तिकडे उडी मारावी, राग नाही. पण ती मापं तशी का, हे मधलं वाचल्याशिवाय कळणार नाही, आणि आपल्या घरच्या माणसासाठी करायचं तर ती बदलावीही लागतील.

तर आई. वय ७६. तीस वर्षं प्राथमिक शाळेत उभं राहून शिकवलं, उरलेला वेळ ओट्यापाशी उभी. संध्याकाळ झाली की पोटऱ्या भरून येतात, आणि कधीकधी रात्री गोळे येतात. डॉक्टरांना दाखवून झालं. शिरा, साखर, चालू असलेली औषधं, सगळं बघून त्यांनी सांगितलं, काळजीचं काही नाही; थोडं चाला, झोपण्याआधी पोटऱ्यांना ताण द्या, हलकं मालिश करायला हरकत नाही.

पहिल्या दोन गोष्टी आई लगेच करायला लागली. तिसरीपाशी गाडी अडली. कारण मालिश म्हणजे कुणीतरी करायचं, आणि त्यासाठी कुणाला तरी 'कर' म्हणायचं.

आमच्या घरात कोण कुणाचे पाय चेपायचं याची मी मनातल्या मनात एकदा यादी केली. दुपारची जेवणं आवरली की आई काशाची वाटी आणि तूप घेऊन आजीच्या पायाशी बसायची. बाबा रविवारी पालथे पडायचे आणि मला नाहीतर ताईला म्हणायचे, "चल, चाल पायांवर." (मालिशचं इतकं उत्तम साधन मी अजून पाहिलेलं नाही. पंधरा-वीस किलो वजन, तळवे गरम, आपोआप जागा बदलतं, आणि वर गप्पाही मारतं. फक्त दोन-तीन वर्षांत ते मोठं होतं आणि वापरता येत नाही.) दिवाळीच्या पहाटे आम्हा सगळ्यांना तेल लावायची आईच. ताईच्या बाळंतपणात मालिश करणाऱ्या बाई यायच्या, तेव्हा पाणी तापवून द्यायला आई. या यादीत सगळ्यांचे पाय होते, आईचे नव्हते.

मी म्हटलं, "आण, मी चेपतो." तर, "नको रे, तू दमून आलायस." बायको म्हणाली, तर, "तुला उद्या लवकर उठायचंय." ताई आली, तर, "माहेरपणाला आलीस की पाय चेपायला?" प्रत्येकासाठी वेगळा नकार तयार, आणि तोही प्रत्येकाच्याच सोयीचा. मग रात्री साडेदहा-अकराला तिच्या खोलीतून ठप् ठप् आवाज यायचा. स्वतःच्याच मुठींनी पोटऱ्यांवर मारत बसायची.

तो आवाज ऐकणं काही बरं नव्हतं. तेव्हा ठरवलं, हिला कुणाकडे मागावं लागणार नाही असं काहीतरी हातात दिलं पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, बाजारात ढिगाने मिळतं की! मिळतं. आमच्याकडे तीन नमुने आधीच होते. एक, प्रदर्शनातून आणलेला काटेरी प्लॅस्टिकचा रोलर. त्याची दांडी पेनाएवढी. चिमटीत घट्ट धरून दाबावी लागते. दोन, पावलं आत घालून बसायचं विजेचं यंत्र. ते पलंगाखालून ओढून काढायचं, प्लग लावायचा, परत सरकवायचं. तीन, भाच्याने दिलेली मसाज गन. वजन किलोभर. तिने पोटरीला आराम पडायच्या आधी हात भरून येतो, आणि आवाज असा की भिंतीला भोक पाडताहेत.

यंत्राने मालिश करण्याची हौस मात्र जुनी आहे. स्वीडनमध्ये गुस्ताव झांडर नावाच्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात स्टॉकहोमला व्यायामाची आणि अंग चोळण्याची मोठमोठी यंत्रं केली होती. त्यांतली काही चक्क वाफेवर चालायची. माणसाने नुसतं बसायचं, बाकी सगळं यंत्र करणार. त्या यंत्रांच्या फोटोंतले कोट-टाय घातलेले गंभीर चेहरे एकदा जरूर बघा.

याच्या अगदी उलट टोकाला आपली काशाची वाटी. साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील, तळ गुळगुळीत, तळहातात मावेल एवढी. ना दांडी, ना चाक. तळव्याला तूप लावून घासत राहायचं. (तळवे काळपट होतात ते 'उष्णता बाहेर पडली' म्हणून, असं आजी सांगायची. तो तुपाचा आणि धातूचा मिळून आलेला रंग असतो. पण त्याने आजीला शांत झोप लागायची, हेही खरं.) वाग्भटाने अष्टांगहृदयात दिनचर्येतच अभ्यंग सांगितलाय, आणि डोकं, कान, पाय यांचा खास उल्लेख केलाय. म्हणजे पायांकडे लक्ष द्यायची गोष्ट आपल्याकडे काही नवी नाही. पण वाटी आईच्या उपयोगाची नाही, कारण तिने स्वतःच्या पोटरीवर ती फिरवायची तर वाकून, एका हाताने, बोटांनी गच्च धरून फिरवावी लागते.

आणि आईचा खरा अडसर तिथेच आहे. दुखतात पाय, पण साधन धरायचं हाताने. आणि तिच्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी संधिवात आहे. बरणीचं झाकण उघडताना कळ येते. यामागचा हिशेब मला फार नंतर समजला. चिमटीत एक किलोचा जोर लावला तर अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर त्याच्या दहा-बारा पट दाब येतो, कारण टोकाशी लावलेला जोर मुळाशी तरफेसारखा वाढत जातो. चाळिशीत हे जाणवत नाही. सत्तरीत प्रत्येक चिमूट मोजावी लागते. बाजारातले बहुतेक रोलर पाठीचा, पायाचा विचार करून केलेले असतात, आणि हात धडधाकट आहे असं धरूनच चालतात. ज्याचे पाय दुखताहेत त्याचे हातही बहुधा त्याच वयाचे असतात, हे कुणाच्या लक्षात येत नसावं.

या बाबतीत एक गोष्ट मला फार आवडते. सॅम फार्बर नावाच्या अमेरिकन उद्योजकाच्या बायकोला हाताचा संधिवात होता, आणि साधी सालकाढणी धरताना तिला त्रास व्हायचा. त्यातून जाड, मऊ रबरी मुठींची स्वयंपाकघरातली हत्यारं निघाली, आणि १९९० साली ऑक्सो या नावाने ती बाजारात आली. गंमत म्हणजे ज्यांचे हात चांगले होते त्यांनाही तीच आवडली. सालकाढणीचं पातं काही जगावेगळं नव्हतं. सगळी करामत मुठीची.

म्हणून मीही मुठीपासून सुरुवात केली. आधी आईला किती दाब हवा ते बघायचं होतं. तिच्या पोटरीवर तळहाताने हळूहळू दाबत गेलो. "बास, एवढाच" म्हणाली तेव्हा तो अंदाज हातात धरला आणि लगेच स्वयंपाकघरातल्या काट्यावर तेवढंच दाबलं. (बायकोचा काटा. पुसून ठेवला होता, याची नोंद घ्यावी.) चार वेळा केलं. दर वेळी अडीच ते तीन किलोच्या मध्ये. म्हणजे फार नाही. दोन हातांत वाटला तर प्रत्येक हाताला सव्वा-दीड किलो, भाजीच्या हलक्या पिशवीएवढा.

मग हा दाब चिमटीशिवाय कसा लावायचा? ढकलण्यापेक्षा ओढावं. खुर्चीत बसायचं, पाय समोरच्या बुटक्या स्टुलावर, दांडा पोटरीच्या मागून आडवा धरायचा, एक मूठ पायाच्या डावीकडे, एक उजवीकडे, आणि दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढत गुडघ्याच्या दिशेने न्यायचा. यात चार बोटांचा नुसता आकडा होतो, अंगठा आपला वर निवांत. जोर बोटांतून न येता खांद्यातून आणि किंचित मागे रेलण्यातून येतो. विहिरीवरून पोहरा ओढलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. आईने पहिल्या खेपेलाच बरोबर धरलं.

प्रयोगाला अर्थातच घरातलं लाटणं घेतलं, आणि तिथे एक मजेशीर गोष्ट दिसली. पोळी लाटताना आपण लाटणं कधी मुठीत पकडत नाही. तळवे उघडे ठेवून त्यांच्याखाली ते फिरू देतो. हात सैल म्हणूनच लाटणं फिरतं. पण ओढायचं म्हटलं की मूठ आवळावी लागते, आणि मूठ आवळली की लाटणं फिरायचं थांबतं आणि कातडी खेचतं. म्हणजे मुठी स्थिर आणि मधला भाग फिरता, असं हवं. त्यासाठी आतून सळई आली.

पुढचा प्रश्न मधल्या भागाच्या आकाराचा. पोटरी गोल, लाटणं सरळ. ते फक्त मधल्या फुगीर भागाला टेकतं आणि कडा कोरड्या राहतात. मग मधे बारीक आणि दोन्ही टोकांना जाड, डमरूसारखा आकार घ्यावा. तो पोटरीला छान बसतो. पण अखंड लाकडाचा डमरू केला तर दुसरीच भानगड. समजा मधली जाडी ३६ मिलिमीटर आणि कडेची ४८. एका फेऱ्यात मधला भाग सुमारे ११३ मिलिमीटर पुढे जातो, आणि कडेचा १५१. तुकडा तर एकच आहे! मग हा पावणेचार सेंटिमीटरचा फरक कुठेतरी घासूनच भरून निघतो. तेल कमी असेल तर कातडी ओढली जाते, केस असतील तर ते. मोटार वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल बसवतात. हे दुखणं त्याच जातीचं. इथे उपाय त्याहून सोपा आहे. डमरूचे काप करायचे. सहा वेगळे मणी, प्रत्येक आपापल्या वेगाने फिरेल, कुणी कुणाला ओढणार नाही.

आता लाकूड की स्टील? स्टील दिसायला चकचकीत, धुवायला सोपं. पण डिसेंबरच्या रात्री स्टीलचा पेला पोटरीला लावून बघा. स्टील लाकडापेक्षा जवळजवळ शंभर पट वेगाने उष्णता खेचून घेतं, म्हणून त्याच खोलीत ठेवलेलं असूनही ते गार लागतं. आणि हा नुसता नाजूकपणाचा प्रश्न नाही. आपल्या केसाळ त्वचेत काही बारीक मज्जातंतू असे असतात की ते हळुवार स्पर्शालाच जागे होतात. सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर या वेगाने कुणी हात फिरवला तर ते सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. त्याहून भरभर किंवा अगदी सावकाश फिरवला तर कमी. आणि फिरणारी वस्तू त्वचेइतपतच ऊबदार असेल तर आणखी चांगला. स्वीडनमधल्या संशोधकांनी हे एकेका मज्जातंतूवर मोजून दाखवलंय. आईने आम्हाला थोपटलं तो वेग साधारण हाच असणार. तेव्हा लाकूड ठरलं, आणि 'सावकाश फिरवायचं' हेही.

लाकूड कातायला पुण्यात माणूस मिळाला असता, पण गणपतीला सावंतवाडीला जाणार होतोच. तिथे चितारआळीत लाकडी खेळणी आणि फळं वर्षानुवर्षं होत आली आहेत. मात्र मला रंगीत आंबा-केळं नको होतं, म्हणून ओळखीतून गावातल्याच एका कातारीकाकांकडे गेलो. त्यांनी कागदावरचं चित्र उलटसुलट केलं.

"ह्यां लाटणां काय?"

"नाही काका, पाय चेपायला. आईसाठी."

"आवशीच्या पायांक? मगे बरां करतंय."

एवढंच. पुढे अर्धा तास एक शब्द नाही. शिवणीचं सुकं लाकूड घेतलं. हलकं असतं, आणि हवा बदलली तरी फारसं वाकत-तडकत नाही. मोटरवर ते फिरायला लागलं आणि पटाशीसमोरून लाकडाच्या लांब लांब शेवया पडायला लागल्या. (आत्या, बघ, शेवया होत्या खऱ्या!) माझ्या चित्रात नसलेल्या दोन गोष्टी त्यांनी आपणहून केल्या. प्रत्येक मण्याची कडा गोल मारली, "नायतर कातडी चिमटात गावतली." आणि मुठीच्या बाहेरच्या टोकाला एक बोंड ठेवलं, तेलकट हात सटकू नये म्हणून. मुठीला लाख लावू का म्हणून विचारलं, आणि स्वतःच मान हलवून नको म्हणाले. फिरत्या लाकडावर लाख धरली की घर्षणानेच वितळून ती आरशासारखी बसते. खेळण्याला ते उत्तम, पण तेलाच्या हाताला निसरडं. त्याऐवजी मुठीवर चार उथळ खाचा काढल्या. माझ्यापेक्षा त्यांनी आईच्या हाताचा जास्त विचार केला होता.

तर मंडळी, मापं घ्या.

आठ मिलिमीटरची सळई, लांबी ४२ सेंटिमीटर, दोन्ही टोकांना आटे. मणी सहा, प्रत्येकी ३ सेंटिमीटर रुंद. जाडी क्रमाने ४८, ४२, ३६, ३६, ४२, ४८ मिलिमीटर. मण्यांचं भोक साडेआठ मिलिमीटर, म्हणजे सळईवर मोकळे फिरतील. मण्यांच्या मधे आणि दोन्ही बाजूंना नायलॉनचे पातळ वॉशर, एकूण सात. त्यांनी लाकडावर लाकूड घासत नाही आणि कुरकुर होत नाही. मुठी दोन, प्रत्येकी ११ सेंटिमीटर लांब आणि साडेतीन सेंटिमीटर जाड. टोकाला नायलॉक नट, बोंडात खोल बसवलेला, वर लाकडी बूच. नट आवळून मग किंचित सैल करायचा, नाहीतर मणी अडकतात. सगळं मिळून वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. रंग, पॉलिश काही नाही. पहिल्या दिवशी खोबरेल लावून ठेवायचं, पुढे वापरतानाच्या तेलाने ते आपोआप मुरतं.

हात मोठा असेल तर मूठ चार सेंटिमीटरपर्यंत जाड चालेल. पाय बारीक असतील तर कडेचे मणी थोडे लहान घ्या. मूठ मात्र पातळ करू नका, कितीही नाजूक आणि सुबक दिसली तरी.

'याने खरंच फरक पडतो का?' हा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे, कारण मेहुण्यांनी तो विचारून झालाय. दुखऱ्या जागी दाबलं की बरं का वाटतं, याचं एक उत्तर रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलं. स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश पाठीच्या कण्याशी पोचले की ते वेदनेच्या संदेशांची वाट काही प्रमाणात अडवतात, जणू तिथे एक दार आहे. त्या सिद्धान्तात पुढे बरेच बदल झाले, पण मूळ कल्पना टिकली. आपल्या पेशींना दाब मुळात कळतो कसा, हे शोधणाऱ्या आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. रोलर फिरवल्याने स्नायू थोडा वेळ सैल वाटतात, सांधा जरा जास्त हलतो, दुखणं काही काळ कमी होतं, एवढं अभ्यासांतून दिसतं. परिणाम मोठा नसतो आणि कायमचाही नसतो. 'शरीरातलं विष बाहेर पडतं', 'गाठी फुटतात', 'चरबी वितळते' असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडून लाटणं विकत घेऊ नका.

आणि हे मात्र नीट वाचा, विशेषतः काका-मावशी मंडळींनी. एकच पोटरी अचानक सुजली असेल, गरम, लाल आणि दुखरी असेल, तर तिथे काहीही फिरवू नका, आधी डॉक्टर. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि ती सुटून फुप्फुसात जाणं जिवावर बेतू शकतं. फुगलेल्या निळ्या शिरांवर, जखमेवर, नडगीच्या हाडावर आणि गुडघ्यामागच्या खोलगट भागात फिरवायचं नाही. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर विचारूनच. मधुमेहाने पायाची जाणीव कमी झाली असेल तर जपून, कारण जास्त दाब पडतोय हे कळतच नाही. आणि रात्री गोळा आलाच तर आधी पाऊल हाताने स्वतःकडे वळवून पोटरीला ताण द्या. गोळा ताणाने सुटतो. लाटणं नंतर.

आईकडे हे लाटणं येऊन आता आठ महिने झाले. रात्रीची ठप् ठप् थांबली. त्याऐवजी मण्यांचा बारीक खुळखुळ आवाज येतो, पाचेक मिनिटं, मग दिवा बंद. गोळे अजूनही अधूनमधून येतात. पण संध्याकाळी पोटऱ्या भरून आल्या की तिला कुणाच्या वेळेची, मूडची वाट बघावी लागत नाही.

ताईने मात्र फोटो पाहिल्या पाहिल्या मला फोनवर सुनावलं होतं. "म्हणजे आता आईचे पाय चेपायला आपल्यातलं कुणीच नको. लाकूड दिलं हातात की सुटलो." हे बोलणं मला लागलं, आणि मी त्याच्यावर बरेच दिवस विचार केला. तिचं म्हणणं खोटं नाही. लाकडाला तळहाताची ऊब नसते, ते 'आज जास्त दुखतंय का गं' असं विचारत नाही, आणि बाबांच्या पाठीवर चालताना आम्ही जे बडबडायचो ते तर कुठल्याच रोलरमध्ये बसवता येणार नाही. हाताची जागा घ्यायला म्हणून हे केलंच नव्हतं. हाताला ती नको म्हणत होती, आणि रात्री मुठींनी मारत होती, त्या दोन्हींच्या मधल्या जागेसाठी ते केलं.

त्यानंतर जे घडलं ते माझ्या चित्रात कुठेच नव्हतं. दिवाळीनंतर एका संध्याकाळी मी तिच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. तिचं लाटणं फिरवणं चालू होतं. उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूला तिचा हात नीट पोचेना. दोनदा प्रयत्न केला आणि मग अगदी सहज म्हणाली, "अरे, एवढं इकडून जरा फिरव रे."

मी उठलो आणि फिरवलं. दहा-बारा वेळा, सावकाश. काही बोललो नाही, न जाणो, बोललो तर तिला आठवायचं की ती मागत नसते! माझा अंदाज असा की पाय चेपून घेणं ही तिच्या लेखी सेवा करून घेणं आहे, आणि सेवा तिने फक्त केलेली आहे. लाटणं फिरवून देणं हे मात्र वरच्या फळीवरचा डबा काढून देण्यासारखं, किरकोळ काम. ते मुलाला सांगता येतं. आता आठवड्यातून दोन-तीनदा सांगते. मला नाहीतर बायकोला. ताई मागच्या खेपेला आली तेव्हा तिलाही सांगितलं, आणि मग दोघी तासभर बोलत बसल्या. लाटणं केव्हाच बाजूला पडलं होतं आणि ताईचा हात आईच्या पायावर तसाच होता. आईने तो काढायला सांगितलं नाही.

आणखी एक. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी चार घरची धुणीभांडी करतात, सकाळी सातपासून उभ्या. एके दुपारी ऑफिसातून लवकर आलो तर त्या खुर्चीत बसलेल्या, पाय स्टुलावर, हातात लाटणं, आणि आई शेजारी बसून शाळेत शिकवायच्या सुरात सांगतेय, "अशी ओढा. अंगठ्याने नाही, खांद्याने. आणि सावकाश हो, घाई काय आहे?" मला बघून मावशी गडबडीने उठायला लागल्या. आई म्हणाली, "बसा हो. दुसरा पाय राहिलाय अजून."

कातारीकाकांना दुसऱ्या लाटण्यासाठी फोन केलाय. या वेळी मुठी थोड्या जाड सांगितल्यात, मावशींचा पंजा आईपेक्षा मोठा आहे. तुम्हाला हवं असेल तर मात्र मला कुरिअर करायला सांगू नका. तुमच्या गावात कुणीतरी लाकूड कातणारा असेलच, त्याला वरची मापं दाखवा. आणि जाताना जिच्यासाठी करायचंय तिच्या हाताचं माप घेऊन जा.